नीलकंठ नांवाचे ग्रंथकार आणि एका पोथीची नोंद

देहूरोड येथें प्रस्तुत लेखकाचे एक शेजारी आहेत. त्यांच्या मावळांतील मूळ घरांतून आलेला हस्तलिखित पोथ्यांचा एक रुमाल त्यांजपाशीं असून, त्याची यादी कांहीं वर्षांपूर्वीं एका हौशी संग्राहकानें करून दिलेली आहे. त्या यादींत तिसऱ्या अंकावर पुढील अर्थाची नोंद आढळते: पोथी ‘नीलकंठी’, म्हणजे महाभारतावरील टीका, वनपर्वाचा भाग, पत्रें ४६, आरंभीचें पत्र नाहीं, कर्ता मयूखकार व ताजिककार सुप्रसिद्ध नीलकंठ. यादी करणाऱ्याचें अक्षर सुंदर आहे, पत्रें बरोबर मोजलेलीं आहेत, पोथीची लांबीरुंदीहि दिलेली आहे. चुकलें आहे तें पोथी कोणती आणि कर्ता कोण, एवढेंच.

हा दोष त्या एकट्या संग्राहकाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. प्रस्तुत लेखकानें स्वतः शाळेंत संस्कृत शिकवीत असतां, भारतभावदीप लिहिणारा तोच व्यवहारमयूखाचा कर्ता, असें पुष्कळ वर्षें मुलांस सांगितलें. एकदां एका विद्यार्थ्यानें, दोघांच्या बापांचीं नांवें निराळीं कशीं, अशी पृच्छा केली. तेव्हां त्यास ‘पुढें चल’ म्हणून बसविलें. त्या मुलाची शंका खरी होती. ती आतां उशिरां कां होईना, नीट मांडून पाहण्याचें योजिलें आहे.

यादींतील त्या एका ओळींत तीन भिन्न पुरुष कोंबलेले आहेत. तिघेहि काशींत नांवारूपास आले, तिघांचीं घराणीं दक्षिणेकडून तेथें गेलेलीं, आणि तिघांच्या ग्रंथांस आपल्याकडे घरोघर मान. घोटाळा होण्यास याहून अधिक काय पाहिजे?

पहिला नीलकंठ दैवज्ञ. ह्याचें घराणें विदर्भांतील धर्मपूरचें, गोत्र गार्ग्य. आजा चिंतामणि, बाप अनंत. ह्याचा ताजिकग्रंथ शके १५०९ म्हणजे इ. स. १५८७ मधील असून तो ‘ताजिकनीलकंठी’ ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. अकबराच्या दरबाराशीं ह्याचा संबंध होता, व तोडरमल्लाच्या आश्रयानें झालेल्या टोडरानंदाच्या ज्योतिषभागाशीं ह्याचें नांव जोडलें जातें. ह्याचा धाकटा भाऊ राम. त्यानें शके १५२२ त मुहूर्तचिंतामणि रचिला. पुत्र गोविंद, त्यानें चुलत्याच्या त्या ग्रंथावर शके १५२५ त पीयूषधारा नांवाची टीका लिहिली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचें भारतीय ज्योतिःशास्त्र ज्यांनीं चाळलें असेल त्यांस हें घराणें नवें नाहीं.

दुसरा नीलकंठ भट्ट. रामेश्वरभट्ट पैठणहून काशीस गेले, त्यांचे पुत्र त्रिस्थलीसेतुकार नारायणभट्ट, त्यांचे पुत्र द्वैतनिर्णयकार शंकरभट्ट आणि त्यांचा पुत्र हा नीलकंठ. निर्णयसिंधूचे कर्ते कमलाकरभट्ट हे ह्याचे चुलत बंधु. १६७४ सालीं रायगडावर शिवछत्रपतींस अभिषेक करणारे गागाभट्ट हे कमलाकरांचे पुतणे. तेव्हां त्या नात्यानें हा नीलकंठ गागाभट्टांचा चुलत चुलता होय. भरेहचा सेंगरवंशीय राजा भगवंतदेव ह्याच्या आश्रयास राहून ह्यानें भगवंतभास्कर हा बारा मयूखांचा ग्रंथ केला. व्यवहारमयूख हा त्यांतील एक. म. म. पांडुरंग वामन काणे यांनीं १९२६ सालीं व्यवहारमयूख संपादून प्रसिद्ध केला आणि ह्या नीलकंठाची ग्रंथरचना इ. स. १६१० ते १६४५ ह्या कालांत बसविली.

तिसरा नीलकंठ चतुर्धर, अर्थात् चौधरी. गोदातीरींच्या कोपरगांवचा, गोविंदसूरींचा पुत्र. महाभारतावरील भारतभावदीप ही टीका ह्याची. बिकानेरच्या अनूपसिंहासाठीं ह्यानें शिवतांडवावर १६८० सालीं टीका केली, आणि गणेशगीतेवरील टीका १६९३ ची. हस्तलिखितें गोळा करणाऱ्या आपल्या वाचकांस ह्या पुरुषाविषयीं विशेष आत्मीयता वाटावी असें एक कारण आहे: निरनिराळ्या देशांतल्या भारताच्या प्रती मिळवून, त्यांतील उत्तम पाठ निवडून आपण लिहीत आहों, असें तो आरंभींच सांगतो. भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीनें त्याचे पुष्कळ पाठ बाजूस सारिले हें खरें. पण प्रती जमवून त्यांची तुलना करावी हा विचार त्याचाहि होता, हें विसरतां कामा नये.

हे तिघे एकच, असें म्हणणाऱ्यास कालगणनेनें सहज निरुत्तर करितां येतें. १५८७ सालीं ताजिक लिहिणारा पंचवीस वर्षांचा धरिला तरी १६९३ सालीं गणेशगीतेवर टीका लिहितांना तो १३१ वर्षांचा होतो. काशीवास कितीहि पुण्यप्रद असला तरी इतका नव्हे.

परंतु ह्याहून सूक्ष्म असा एक तर्क आहे, आणि त्याचें खंडन इतकें सोपें नाहीं. सदर संग्राहकांस शंका कळविल्यावर त्यांनीं लेखी उत्तर पाठविलें तें असें: दैवज्ञ नीलकंठाचा पुत्र गोविंद, भारतटीकाकार नीलकंठ हा गोविंदाचा पुत्र, आज्याचें नांव नातवास ठेवण्याची आपली चाल सर्वश्रुत आहे, सबब पीयूषधाराकार गोविंद हाच भारतटीकाकाराचा बाप. ह्या तर्काचें प्रथमदर्शनीं कौतुक वाटतें, हें कबूल केलें पाहिजे. आणि केवळ सनावळीनें तो मोडतहि नाहीं. १६०३ त टीका लिहिणाऱ्या गोविंदास उतारवयांत पुत्र झाला असता, तर तो १६८० च्या सुमारास प्रौढ ग्रंथकार असूं शकला असता. अशक्य असें त्यांत कांहीं नाहीं.

तर्क मोडतो तो पुष्पिकेपाशीं. भारतभावदीपाच्या समाप्तिलेखांत कर्ता आपणांस नुसता गोविंदपुत्र म्हणवीत नाहीं. चतुर्धर वंशाचें भूषण असा आपल्या कुलाचा उल्लेख करितो. त्याचें घर गोदातीरचें. उलट दैवज्ञांचें घराणें आपली ओळख देतांना गार्ग्य गोत्र, धर्मपूर आणि ज्योतिषविद्या ह्यांचा अभिमानानें निर्देश करितें. चतुर्धर हें नांव तेथें कोठेंच नाहीं. आज्याचें नांव नातवास ठेवण्याच्या चालीचा आधार घ्यावयाचा तर ती चाल चतुर्धरांच्या घरांतच पुरेशी दिसते. प. कृ. गोडे यांनीं १९४२ सालीं चतुर्धरांची वंशावळ जुळविली, तींत ह्या नीलकंठाच्या पुत्राचें नांव गोविंद असेंच आहे, व त्या गोविंदाचा पुत्र शिव दीक्षित ह्यानें १७४६ त धर्मतत्त्वप्रकाश लिहिला. म्हणजे गोविंद, नीलकंठ, पुन्हां गोविंद. भट्टांकडेहि तेंच: शंकर, नीलकंठ, पुन्हां शंकर. जी चाल प्रत्येक घरांत आहे ती दोन घरें एक करण्यास पुरावा होऊं शकत नाहीं. उलट, एकनाम ग्रंथकारांचा हा सगळा गुंता जिच्यामुळें उत्पन्न झाला, ती हीच चाल.

विषयावरून कर्ता ठरवावा, असें कोणी म्हणेल. ज्योतिष दिसलें कीं दैवज्ञ, धर्मशास्त्र दिसलें कीं भट्ट, पुराण दिसलें कीं चतुर्धर. तेंहि निर्धोक नाहीं. सूर्यसिद्धांतादि ग्रंथांतील भूगोल आणि पुराणांतील भूवर्णन ह्यांचा मेळ घालणारा सौरपौराणिकमतसमर्थन हा ग्रंथ चतुर्धराचा आहे. तो हातीं आला आणि कर्ता ‘नीलकंठ’ एवढेंच वाचलें, तर दहांतील नऊजण तो दैवज्ञाच्या पदरीं घालतील. बापाचें नांव, कुल, ग्राम, आश्रयदाता, शक. हीं पाहिल्यावांचून कर्त्याच्या रकान्यांत कांहीं लिहूं नये. तीं मिळत नसतील तर ‘नीलकंठ, विशेष अनुपलब्ध’ असें लिहिण्यांत कमीपणा नाहीं.

आतां प्रकृत पोथी. वरच्या फडक्यावर ‘नीलकंठी’ असें मोडींत लिहिलें आहे, आणि भारतटीका व ताजिक हे दोन्ही ग्रंथ लोकांत ह्याच नांवानें ओळखले जातात. तेथें यादी करणारा फसला. परंतु त्यानें आंतील दहा पत्रें जरी वाचलीं असतीं तरी भ्रम उडाला असता. प्रस्तुत लेखकास दुसऱ्याच पत्रावर ‘इत्थशाल’ हा शब्द आढळला. संग्राहकांनीं समासांत पेन्सिलीनें त्याची ‘इत्थं शाल्वः’ अशी दुरुस्ती केलेली आहे, व वनपर्वांत श्रीकृष्णानें शाल्वाच्या सौभनगराचा नाश केल्याची कथा असल्यामुळें पोथी वनपर्वाची ठरविली आहे! वस्तुतः इत्थशाल हा ताजिकशास्त्रांतील सोळा योगांपैकीं एक. मूळ अरबी ‘इत्तिसाल’, म्हणजे दोन ग्रहांचा जुळता संबंध. त्याच पत्रांवर इक्कबाल, ईसराफ, कंबूल, रद्द हेहि योग ओळीनें आलेले आहेत. पुढें सहमें आहेत, मुथहा आहे. हे सर्व शब्द अरबींतून संस्कृतांत येऊन श्लोकांत असे बसले आहेत कीं, अनभिज्ञास ते अपपाठच वाटावेत. अपरिचित शब्द दिसला कीं तो लेखकप्रमाद समजून सुधारावयाचा, ही खोड आम्हां संस्कृतज्ञांस फार आहे. ह्या पोथीत लहिया बरोबर होता, सुधारणारा चुकला. वर्षप्रवेशाचीं फळें सांगणारें वर्षतंत्र पुढें सुरू होतें, व तेथें पोथीच्या स्वरूपाविषयीं शंकाच उरत नाहीं.

एवढ्या लहानशा चुकीसाठीं इतका शाईचा व्यय कशास, असें कोणास वाटल्यास नवल नाहीं. पण चुकीचे परिणाम लहान नसतात. व्यवहारमयूख हा गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण ह्या भागांत वारसाच्या वादांत श्रेष्ठ प्रमाण म्हणून न्यायालयांत चाले. बहिणीस वारसांत स्पष्ट स्थान देणारा ग्रंथ तो. १९५६ चा हिंदु उत्तराधिकार कायदा होईपर्यंत कित्येक स्त्रियांच्या पोटाचा प्रश्न त्याच्या वचनांवर सुटलेला आहे. अशा ग्रंथाच्या कर्त्यास फलज्योतिषी किंवा पुराणटीकाकार म्हणून नोंदणें हें त्याच्या मीमांसेच्या अधिकारास बाध आणणें होय.

शेजाऱ्यांच्या घरीं झालेला परिणाम तर समक्षच पाहिला. त्यांच्या घराण्यांत आपले पूर्वज गांवचे जोशी होते अशी आठवण चालत आलेली होती. यादींत महाभारताची टीका निघाल्यापासून घरांतील तरुण मंडळी पूर्वज पुराणिक होते असें सांगूं लागलीं, आणि वडील माणसांच्या आठवणीस म्हातारचळ ठरविण्यांत आलें. पोथीच्या शेवटच्या चार कोऱ्या पत्रांवर निराळ्या हातानें चार माणसांचीं वर्षफळें मांडलेलीं आहेत. यादींत त्यांस ‘किरकोळ आंकडे’ म्हटलें आहे. ते आंकडे म्हणजे त्या जोशांच्या नित्याच्या वृत्तीचा पुरावा होय. शेजारीबोवांच्या वृद्ध चुलत्यांस हें वाचून दाखविलें, तेव्हां त्यांनीं कांहीं न बोलतां पोथी मागून घेतली व बराच वेळ मांडीवर ठेविली.

जें खेड्यांतील लोकांस साधतें तें आम्हां ग्रंथज्ञांस कां साधूं नये, हें कळत नाहीं. देवाची आळंदी, म्हातोबाची आळंदी आणि चोराची आळंदी ह्यांत इकडचा गाडीवान कधीं चुकला नाहीं. देहू आणि देहूरोड हीं दोन ठिकाणें आहेत, हें येथें उतरणाऱ्या वारकऱ्यांस स्टेशनावरच कळतें. तुकोबांच्या अभंगांशीं आपलीं पदें मिसळूं नयेत म्हणून त्यांचे बंधु कान्होबा ‘तुकयाबंधु’ अशी मुद्रा घालीत, व पुढें अठराव्या शतकांतल्या एका कवीनें ‘तुका विप्र’ म्हणून आपलें वेगळेपण राखिलें. त्या कवींस जी काळजी वाटली ती यादी करणाऱ्यांस वाटूं नये काय?

आणखी नीलकंठ पुष्कळ आहेत. तंत्रसंग्रहकार केरळीय नीलकंठ सोमयाजी आणि नीलकंठविजयचंपूचा कर्ता, अप्पय्य दीक्षितांच्या कुळांतील द्राविड नीलकंठ दीक्षित हे दूरचे. त्यांच्या पोथ्या आपल्याकडील रुमालांत क्वचितच निघावयाच्या. मराठी नीळकंठांत नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्यांचें नांव ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. ग्रँट डफच्या इतिहासावर पहिली जोरदार टीका त्यांचीच, आणि हम्मीरमहाकाव्य १८७९ सालीं त्यांनींच संपादिलें. मात्र काशीच्या पोथ्यांत एक चौथा नीलकंठ दडलेला असूं शकतो, तो म्हणजे नीलकंठशास्त्री गोरे. पाद्र्यांच्या आक्षेपांस उत्तर म्हणून त्यांनीं १८४४ च्या सुमारास शास्त्रतत्त्वविनिर्णय हा संस्कृत ग्रंथ लिहिला, आणि १८४८ सालीं स्वतःच ख्रिस्ती धर्म स्वीकारून नेहेम्या हें नांव घेतलें; पुढें षड्दर्शनांचें खंडनहि लिहिलें. येथें तर पुरुष एकच, पण पूर्वपक्ष व उत्तरपक्ष दोन्ही त्याचेच. नांवांवरून पाहणारा एकाचे दोन करील, जसे त्यानें तिघांचा एक केला.

रुमाल पुन्हां बांधण्यापूर्वीं शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून तिसऱ्या अंकाची चिठ्ठी नवी लिहिली ती अशी: ताजिकनीलकंठी, अनंतसुत नीलकंठ दैवज्ञकृत, शके १५०९ चा ग्रंथ, पत्रें ४६, आरंभपत्र नाहीं, अंतीं चार वर्षफळें. त्याच रुमालांत यज्ञकुंडांच्या मापांची दोन सुटीं पत्रें निघालीं. यादींत त्यांचा कर्ता ‘शंकरभट्ट, द्वैतनिर्णयकार’ असा दिला आहे. पत्राच्या पाठीवर समाप्तिलेख आहे व तेथें शंकर आपणांस नीलकंठाचा पुत्र म्हणवितो. द्वैतनिर्णयकार शंकरभट्ट हा नीलकंठाचा पिता. हा त्याचा नातू, कुंडार्ककर्ता. ती चिठ्ठीहि बदलली.