एका दालनाचा प्रश्न : ध्वनिमिश्रणातील ‘सेंड’ आणि ‘बस’ यांचा समीक्षात्मक विचार

ध्वनिमुद्रित संगीताची आपल्याकडील समीक्षा प्रायः गायक, स्वररचना आणि शब्द या तिघांभोवती फिरते. ऐकू येणारा गायक कोणत्या जागेत उभा आहे, हा प्रश्न ती क्वचितच विचारते. वास्तविक ती जागा अनेकदा अस्तित्वातच नसते. मिश्रणकाराने ती संगणकाच्या पडद्यावर घडवलेली असते. प्रस्तुत लेखात या घडणीच्या एका साधनाचा, म्हणजे मिश्रणाच्या संगणकप्रणालीतील ऑक्झिलरी सेंड आणि बस यांचा, विचार करावयाचा आहे. तंत्रज्ञांचा विषय म्हणून तो बाजूस सारला जातो. परंतु तंत्रशिक्षणात त्याचे जे समर्थन केले जाते ते अपुरे असून, त्याचे खरे समर्थन सौंदर्यविचारातच शोधावे लागते, असे माझे मत आहे.

प्रथम मूळ रचना पाहू. प्रत्येक वाद्याचा वा आवाजाचा एक स्वतंत्र ट्रॅक असतो. त्याचा ध्वनी मुख्य मिश्रणाकडे जातोच. परंतु त्याची एक प्रत, हव्या त्या प्रमाणात, दुसऱ्या वाटेनेही पाठवता येते. ही पाठवणी म्हणजे सेंड. अनेक ट्रॅकांच्या अशा प्रती जिथे एकत्र येतात ती सामाईक वाट म्हणजे बस. त्या वाटेवर निनाद निर्माण करणारी प्रणाली, म्हणजे रिव्हर्ब, बसवलेली असते आणि तिचा निनाद मूळ ध्वनीत येऊन मिसळतो. ‘बस’ हा शब्द ‘सर्वांसाठी’ या अर्थाच्या लॅटिन ‘ऑम्निबस’पासून आला, आपल्या एस.टी.ची बसही त्याच कुळातली. ‘ऑक्झिलरी’ म्हणजे सहायक. या विशेषणामुळे ही वाट दुय्यम वाटते (सहायक पदाच्या वाट्याला काय येते, हे महाविद्यालयांत वेगळे सांगावयास नको), पण श्रोत्याला जाणवणारे दालन बहुतांशी याच वाटेवर उभे राहते.

या कल्पनेमागे एक खरीखुरी खोली आहे. १९४७ मध्ये शिकागोच्या युनिव्हर्सल रेकॉर्डिंग या स्टुडिओत बिल पुटनम यांनी हार्मोनिकॅट्स या वादकत्रयीच्या ‘पेग ओ’ माय हार्ट’ या ध्वनिमुद्रिकेसाठी स्टुडिओचे प्रसाधनगृह वापरले. तिथे स्पीकरमधून ध्वनी सोडावयाचा, भिंतींवरून परतलेला निनाद मायक्रोफोनने टिपावयाचा आणि मूळ ध्वनीत मिसळावयाचा. पुढे १९५७ मध्ये जर्मनीतील ईएमटी कंपनीचे १४० हे यंत्र आले. त्यात खोलीच्या जागी ताणून टांगलेला पोलादी पत्रा होता आणि यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते. अशा खोल्या वा असे पत्रे स्टुडिओत असून किती असणार? एक, दोन, फार तर चार. त्यामुळे गायक, व्हायोलिनांचा ताफा आणि तालवाद्ये या सर्वांना त्याच एका-दोन दालनांत जावे लागे. कोणी किती आत जावयाचे, एवढेच मिश्रणकाराच्या हाती होते. ध्वनिमुद्रिकेला एकच जागा लाभे ती अशी टंचाईतून.

संगणकप्रणालींनी सेंड आणि बस ही नावे तशीच ठेवली, टंचाई मात्र नाहीशी केली. रीपरसारख्या प्रणालीत तर कोणताही ट्रॅक बस होऊ शकतो. बस म्हणून वेगळी वस्तूच उरलेली नाही. येथेच रूढ समर्थनाचे अपुरेपण उघडे पडते. विद्यार्थ्याला सांगितले जाते की चोवीस ट्रॅकांवर चोवीस रिव्हर्ब लावल्यास प्रोसेसरवर ताण येतो, म्हणून एका बसवर एकच रिव्हर्ब लावून सर्वांनी तेथे सेंड करावे. संगणक मंद होते तेव्हा हे ठीक होते. आज मध्यम प्रतीच्या संगणकालाही हा भार जाणवेलच असे नाही. मग बचतीसाठी शिकलेला विद्यार्थी सेंड सोडून देतो आणि प्रत्येक ट्रॅकवर आवडेल तो रिव्हर्ब चढवतो. गायिका चर्चमध्ये, बासरी गुहेत, तबला स्नानगृहात, असे चमत्कारिक संमेलन मग एकाच गाण्यात भरते. ते ऐकताना काहीतरी खोटे वाटते, पण काय खोटे आहे हे सांगावयास समीक्षकापाशी शब्द नसतात.

या ठिकाणी एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवणे अगत्याचे आहे. साध्या, स्थिर रिव्हर्बपुरते बोलावयाचे तर गणिताच्या दृष्टीने एका बसवरील रिव्हर्ब आणि चोवीस ट्रॅकांवरील तंतोतंत सारख्या मांडणीचे चोवीस रिव्हर्ब यांचा परिणाम एकच असतो. म्हणजे बसमध्ये जादू काही नाही. ती एक शिस्त आहे. दालन बदलावयाचे तर सर्वांसाठी बदलावे लागते. कॉम्प्रेसरची गोष्ट वेगळी. मोठा ध्वनी दाबणारे हे साधन बसवर ठेवले की ढोलाच्या ठोक्याने त्याच बसवरील इतर वाद्येही क्षणभर दबतात. ती वाद्ये परस्परांना जागा देतात वा नाकारतात, आणि हे नाते ट्रॅकनिहाय कॉम्प्रेसर लावून साधत नाही. रिव्हर्बच्या बसला सामाईक घर म्हटले, तर कॉम्प्रेसरच्या बसला सामाईक शिधा म्हणावे लागेल.

शिस्त म्हटली की तिच्या चुकाही आल्या. सेंड बहुधा फेडरनंतर घेतला जातो, म्हणजे ट्रॅकचा आवाज कमी केला की त्याची पाठवणीही कमी होते. परंतु समूहगायनाचे आठ ट्रॅक एका समूह-बसवर एकत्र केले, प्रत्येकाचा सेंड मात्र स्वतंत्रपणे रिव्हर्बकडे ठेवला आणि नंतर समूह-बसचा फेडर खाली आणला, तर गायक विरतात आणि त्यांचा निनाद पूर्वीइतकाच उरतो. माणसे निघून गेली, घर घुमत राहिले! यावर उपाय सोपा आहे. सेंड समूह-बसवरूनच घ्यावा. पण हाच दोष जाणूनबुजून वापरला तर तो अर्थपूर्ण ठरतो, आणि तसा वापर ओळखणे हे समीक्षेचे काम आहे.

एकच दालन हा नियम मात्र समजू नये. डेव्हिड बोवी यांच्या १९७७ च्या ‘हीरोज’चे उदाहरण बोलके आहे. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत टोनी व्हिस्कॉन्टी यांनी गायकासमोर तीन मायक्रोफोन मांडले : सुमारे ९ इंच, २० फूट आणि ५० फूट अंतरावर. दूरचे दोन आवाज चढल्यावरच उघडावेत अशी योजना होती. त्यामुळे गायक जसजसा मोठ्याने गातो तसतसे दालन विस्तारत जाते. येथे जागा सेंडने बाहेरून दिलेली नाही. गायकाच्या छातीतल्या जोराने ती उघडली आहे. स्थिर ठेवलेल्या सेंडला हे साधत नाही. मात्र आजच्या प्रणालीत सेंडची पातळी क्षणोक्षणी बदलता येते. ही सोय असूनही गाणे संपेपर्यंत ती एकाच आकड्यावर सोडून देणे, हा मला मिश्रणातील सर्वांत मोठा आळस वाटतो.

ख्यालगायनाच्या ध्वनिमुद्रणात या आळसाची किंमत विशेष मोजावी लागते. समजा, रिव्हर्बचा निनादकाल अडीच सेकंद आहे. म्हणजे निनाद ६० डेसिबेलने उतरावयास तेवढा वेळ लागतो. सेकंदाला २४ डेसिबेल असा हा उतार झाला. सेकंदाला आठ स्वरांची तान घेतली तर पुढचा स्वर येईतो मागच्याचा निनाद जेमतेम ३ डेसिबेलने खाली आलेला असतो. तोडीच्या तानेत षड्जावर कोमल ऋषभ रेंगाळतो, त्यावर कोमल गंधार चढतो. दाणा नाहीसा होऊन स्वरांचा लगदा उरतो. हाच निनाद विलंबित आलापीत मात्र स्वराला पाठराखण करतो. दोष रिव्हर्बचा नाही. आलापीसाठी बेतलेली सेंडची पातळी तानेतही तशीच ठेवली, हा आहे. तंबोऱ्याचा प्रश्न आणखी वेगळा. त्याचा नाद अखंड असल्याने निनादाचे शेपूट त्याच्या स्वतःच्याच नादात झाकून जाते. तेथे सेंड वाढवून फारसे दालन ऐकू येत नाही, तारेच्या आघाताची धार मात्र बोथट होते.

मिश्रणकार आपली बस एकटी वाजवून, मूळ आवाज काढून टाकून, नुसते दालन ऐकू शकतो. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकेत समीक्षकाला ती सोय नाही. त्याला तिहाई संपून सम पडल्यानंतरचा क्षण निवडावा लागतो. गायकाचा स्वर आणि तबल्याचा ‘धा’ तिथे एकदमच थांबतात, आणि तंबोरा तेवढा चालू असतो. त्या क्षणी दोघांचा निनाद एकाच घाईने विरतो की तबला आधी विझून गायक कुठल्यातरी निराळ्या घुमटात उरतो, हे कान देऊन ऐकले तर कळते.