स्थिरचित्रातले मडके

आमच्या शिरूर तालुक्यात आणि शेजारच्या दौंडमध्ये चित्रकलेचे शिक्षण म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षा, असाच सर्वसाधारण समज आहे. टेबलावर कापड, दोन फळे आणि एक मडके मांडलेले असते. प्रकाश कोठून येतो, सावली कोठे पडते, हे मुले नेमके शिकतात. पण ते मडके कोणी घडवले आणि घडवणाराचे घर गावात कोठे होते, हा प्रश्न त्या वर्गात उपस्थितच होत नाही. मी मराठीचा प्राध्यापक. चित्रकला माझा विषय नव्हे. परंतु घरातला पहिला पदवीधर असल्याने अभ्यासक्रम कोणाला आत घेतो आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवतो, याकडे माझे लक्ष आपोआप जाते.

याच तालुक्यातील घोडनदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केले. तेथील वस्ती सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातली. लाल भांड्यांवरची काळी नक्षी, भांडी भाजण्याची भट्टी, मातीच्या स्त्रीमूर्ती तेथे सापडल्या. कुंभारासारख्या कारागिरांची घरे वस्तीच्या कडेला आणि सधन शेतकऱ्यांची मध्यभागी होती, असेही संशोधकांनी नोंदवले आहे. त्याला आजच्या अर्थाने जातिव्यवस्था म्हणणे हा इतिहासाचा विपर्यास ठरेल. तरीही कलावस्तू मध्यभागी आणि कलावंत कडेला, ही मांडणी आपल्या ओळखीची आहे.

आपल्या कलाशिक्षणाने ही मांडणी मोडली काय? मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. युरोपीय पद्धतीचे रेखन हा तेथील शिक्षणाचा पाया होता. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना नेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. एतद्देशीय परंपरा वर्गात आली ती नमुना म्हणून. नमुन्याची नक्कल होते. त्याच्याशी वाद घालता येत नाही.

वारली चित्रांचेही तेच झाले. लग्नघरी तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या, पालघाट देवीला भिंतीवर आणणाऱ्या सुवासिनी हे या कलेचे मूळ धनी. त्यांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून जिव्या सोमा मशे यांची चित्रे शहरात पोचली. १९८९ साली ती पॅरिसच्या प्रदर्शनात गेली, २०११ साली मशे यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्यांचे निधन झाले. आज आमच्या मुलांच्या वहीत वारली माणसे आहेत, पण समासाची नक्षी म्हणून! मशे यांनी केले ते याहून फार मोठे. स्त्रियांनी विधीसाठी भिंतीवर लिहायचे, ते या पुरुषाने विधीबाहेर, कागदावर आणले. परंपरेच्या माणसानेच परंपरा बदलली. हा धडा आपण शिकवत नाही.

आता दुसरी बाजू. एतद्देशीय कलांना विद्यापीठात स्थान द्या, असे म्हणणारे वाढले आहेत. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण दौंडकडच्या एका विद्यार्थ्याला कोणीतरी सुचवले की, तू आपल्या मुळांकडे वळ, हलगीवर चित्रमालिका कर. तो मला म्हणाला, “सर, हलगी सुटावी म्हणून बापानं जन्म घातला. आता तीच माझी मुळं व्हय?” या प्रश्नाला सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथांत उत्तर नाही. ज्याला ते परंपरा म्हणतात, ते आमच्याकडे अनेकदा जातीने लादलेले काम असते. त्यात कौशल्य आहे, लय आहे, आणि अपमानही आहे. अपमान वगळून उरलेल्या भागाला वारसा म्हणणे ही फसवणूक आहे.

अमेरिकेत सांता फे येथे १९६२ साली मूलनिवासींसाठी कलासंस्था स्थापन झाली. अ‍ॅलन हाऊझर हे अपाची शिल्पकार तेथे शिक्षक होते. टी. सी. कॅनन हा कायोवा तरुण तेथे शिकला आणि गोऱ्यांच्या कल्पनेतला पिसांचा इंडियन त्याने आपल्या चित्रांतून उलटा करून दाखवला. शिकवणारा आपल्यातला असेल, तर परंपरा मोडण्याचीही मुभा मिळते.

आपल्याकडे नागपूरच्या सवी सावरकरांनी हे केले. त्यांच्या चित्रांत गळ्यात मडके अडकवलेला अस्पृश्य उभा आहे. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून बांधलेले ते मडके. त्यापुढे टेबलावरचे मडके निष्पाप राहत नाही. छायाप्रकाश तोच, पण आता वस्तूला इतिहास आला. मी याला चित्रकलेतले शिक्षण म्हणतो.

२०२३ साली जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभ्यासक्रम स्वतः ठरवण्याची मोकळीक आता आहे. तेथे वारली, ठाकर, कुंभार, मातंग घरांतली माणसे केवळ प्रात्यक्षिकापुरती बोलावली जाणार, की वेतन घेणारे अध्यापक म्हणून वर्गात उभी राहणार? आणि त्यांच्या मुलामुलींना परंपरा नाकारण्याचा हक्क मिळणार काय? शिरूर-दौंडच्या कलाशिक्षकांनी विद्यापीठाची वाट पाहू नये. पुढच्या वेळी टेबलावर मडके मांडताना मुलांना इनामगाव सांगावे, सावरकरांचे चित्र दाखवावे आणि मग म्हणावे, आता काढा.