सामने सारखे, परीक्षा वेगळी

साखळी स्पर्धेचा गुणतक्ता आपण निकालपत्रकासारखा वाचतो. सर्वांचे सामने सारखे, विजयाचे गुण सारखे. तेव्हा ज्याचे गुण अधिक तो संघ सरस. पण वर्गातील निम्म्या मुलांना गणिताची एक प्रश्नपत्रिका आणि उरलेल्यांना दुसरी दिली, तर दोन्ही शंभर गुणांच्या आहेत एवढ्यावरून कोणी शिक्षक त्या गुणांची तुलना करील काय? स्पर्धेत प्रश्नपत्रिकेची जागा वेळापत्रक घेते. म्हणून खेळाडूंच्या कामगिरीप्रमाणे वेळापत्रकाचीही चिकित्सा व्हायला हवी. त्यासाठी शालेय गणित पुरेसे आहे.

मैदाने समान, प्रतिस्पर्धी असमान

२०२२ ची इंडियन प्रीमियर लीग यासाठी चांगले उदाहरण आहे. कोरोनाच्या साथीमुळे त्या वर्षी साखळीचे सर्व ७० सामने महाराष्ट्रातील चार मैदानांवर झाले. वानखेडे आणि नवी मुंबईतील डी. वाय. पाटील मैदानावर प्रत्येक संघाचे चार-चार, तर ब्रेबॉर्नवर आणि पुण्याजवळच्या गहुंजे येथील मैदानावर तीन-तीन सामने ठेवले होते. मैदानांची ही वाटणी अगदी काटेकोर होती.

प्रतिस्पर्ध्यांची वाटणी मात्र तशी होणे शक्यच नव्हते. दहा संघांपैकी प्रत्येकाने उरलेल्या नऊ जणांशी दोनदा खेळायचे तर १८ सामने लागतात आणि एकूण सामने ९० होतात. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या वाट्याला १४ सामने आले: पाच संघांशी दोनदा, चौघांशी एकदा. दोनदा भेटणारे हे पाच कोणते, यावर प्रश्नपत्रिका सोपी की अवघड हे ठरते.

संयोजकांनी आधीची विजेतेपदे आणि अंतिम सामने मोजून संघांना मानांकन दिले आणि दोन गट केले. ते असे (कंसात त्या वर्षीचे साखळीतील गुण):

अ गट: मुंबई (८), कोलकाता (१२), राजस्थान (१८), दिल्ली (१४), लखनौ (१८).
ब गट: चेन्नई (८), हैदराबाद (१२), बंगळूर (१६), पंजाब (१४), गुजरात (२०).

प्रत्येक संघ आपल्या गटातील चौघांशी आणि समोरच्या गटातील आपल्याच क्रमांकाच्या संघाशी दोनदा खेळला. उरलेल्या चौघांशी एकदाच.

आता वेळापत्रकाचे ओझे मोजू. ज्या पाच संघांशी दोनदा गाठ पडली त्यांच्या गुणांची बेरीज म्हणजे ओझे. मुंबईसाठी १२ + १८ + १४ + १८ + ८ = ७०. अशीच बेरीज सर्वांची केली तर सर्वांत कमी ओझे गुजरात व राजस्थान यांचे, ६८. सर्वांत जास्त लखनौ व बंगळूर यांचे, ७२. बाकी सहाही संघांचे बरोबर ७०. (प्रतिस्पर्ध्याच्या गुणांत आपल्याशी झालेल्या सामन्यांचेही गुण असतात, म्हणून हे माप ढोबळ आहे, पण तुलनेला चालेल.) दोन्ही गटांच्या गुणांची बेरीजही ७०-७० अशी तंतोतंत सारखी आहे.

मग वेळापत्रक न्याय्य होते असे म्हणायचे का? निष्पत्ती न्याय्य होती, पण निकष कच्चा होता. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत खेळाडूंचा महालिलाव झाला होता आणि जुन्या आठ संघांना जास्तीत जास्त चारच खेळाडू राखता आले होते. संघ जवळजवळ नव्याने बांधले गेले असताना मागील विजेतेपदे त्यांचे बळ कसे सांगणार? झालेही तसेच. मानांकनात अग्रभागी असलेले मुंबई आणि चेन्नई प्रत्येकी चारच सामने जिंकून तळाला गेले. नव्याने आलेले, म्हणून शेवटच्या जोडीत ठेवलेले गुजरात आणि लखनौ वर चढले. गुजरातने तर विजेतेपदच मिळवले.

अंदाज चुकूनही तोल राहिला, कारण चुका जोडीने झाल्या. वरचे दोघे पडले ते वेगवेगळ्या गटांतले. खालचे दोघे चढले तेही वेगवेगळ्या गटांतले. पहिले पाच संघ एकाच गटात आले असते, तर हेच गुण धरून गटांची बेरीज ८६ आणि ५४ झाली असती. प्रयोगात दोन चुकांनी एकमेकींना खोडून योग्य उत्तर आले तरी आपण उपकरण निर्दोष मानत नाही. इथेही तोच न्याय लावावा.

टाळता येणारी असमानता

सामन्यांची संख्या कमी पडते, ही सबब कधी कधी खरी असते. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या ‘बिग टेन’ या संघटनेत २०२४ पासून १८ संघ आहेत. तेथे २० सामन्यांत तिघांशी दोनदा आणि चौदा जणांशी एकदाच खेळावे लागते.

प्रो कबड्डी लीगमध्ये मात्र ही सबब चालणार नाही. २०१७ मध्ये तेथे १२ संघांचे दोन विभाग केले. यू मुंबा आणि पुणेरी पलटण एकाच विभागात होते. विभागातील पाच संघांशी तीन-तीनदा म्हणजे १५ सामने, दुसऱ्या विभागातील सहा संघांशी एकेकदा आणि वर एक जादा सामना: एकूण २२. प्रत्येक विभागातून तीन संघ पुढे जाणार. म्हणजे बलवान विभागातील चौथ्याने घरी बसायचे, दुबळ्या विभागातील तिसऱ्याने पुढे जायचे. २०१९ मध्ये सर्वांनी सर्वांशी दोनदा खेळायचे ठरले. ११ प्रतिस्पर्धी गुणिले २, म्हणजे पुन्हा २२ च! तेवढ्याच सामन्यांत समानता मिळत होती. शेजारच्या संघांच्या चुरशीला गर्दी होते हे खरे; पण तो लाभ कशाच्या बदल्यात घेतला हे सांगायला हवे.

न टाळता येणारी असमानता

सर्वांनी सर्वांशी खेळले तरी सगळे प्रश्न सुटत नाहीत. समजा, गोराई, मनोरी, उत्तन, चारकोप, कांदिवली आणि दहिसर येथील सहा शाळांनी कबड्डीची साखळी ठरवली. प्रत्येकाचे पाच सामने, काही आपल्या मैदानावर, काही दुसऱ्याच्या. गोराई गाव खाडीपलीकडे आहे; बोरिवलीहून तिकडे होडीने जायचे, नाहीतर भाईंदर-उत्तनमार्गे वळसा घालायचा. साहजिकच लागोपाठ दोन सामने बाहेर नकोत, असे प्रत्येक संघ म्हणेल.

एक आड एक असे दोनच क्रम संभवतात: घर-बाहेर-घर-बाहेर-घर, किंवा याच्या उलट. ज्या दोन संघांचा क्रम एकच, ते एकाच दिवशी घरी आणि एकाच दिवशी बाहेर असणार. मग त्यांचा आपसांत सामना होणारच नाही. म्हणून असा आदर्श क्रम जास्तीत जास्त दोन संघांना मिळू शकतो. सहापैकी निदान चौघांना कुठेतरी लागोपाठ दोन सामने घरी किंवा बाहेर खेळावेच लागतात. दहा संघ असले तर निदान आठ जणांना.

म्हणजे पूर्ण न्याय्य वेळापत्रक नसतेच. संयोजकांच्या हाती एवढेच आहे, की टाळता येणारी असमानता टाळावी आणि उरलेली कोणाच्या वाट्याला कशी गेली ते सामन्यांपूर्वी जाहीर करावे. प्रवास लांबचा असेल त्याला लागोपाठचे दोन सामने घरी द्यावेत. बाकीच्यांसाठी सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकाव्यात. शालेय स्पर्धेत याला विशेष महत्त्व आहे. तेथे एका हंगामाच्या गुणतक्त्यावरून मुलांची निवड होते, आणि वगळलेल्या मुलाला पुढच्या वर्षी वयोगटाची अट आडवी येऊ शकते.

शिक्षकांनी शाळेच्या पुढच्या साखळी स्पर्धेचे वेळापत्रक नववी-दहावीच्या मुलांकडून करवून घ्यावे. सहा संघांच्या १५ सामन्यांत प्रत्येकाला लागोपाठ किती वेळा बाहेर जावे लागते ते मोजायला सांगावे. एकही जोड नसलेले वेळापत्रक कोणी आणलेच, तर त्यात कोणते दोन संघ एकमेकांशी खेळायचे राहिले ते वर्गाला शोधू द्यावे.