रात्रपाळीची झोप आणि व्यायामाचा उपाय : एक परीक्षण

पाळीने काम करणाऱ्या परिचारिकांना गाढ झोप लागावी व त्यांचा शीण उतरावा म्हणून एरोबिक व्यायाम सुचविण्याची प्रथा संशोधनात आता चांगलीच रुजली आहे. केनेथ कूपर या अमेरिकी हवाई दलातील वैद्याच्या १९६८ सालच्या पुस्तकामुळे ही संज्ञा सर्वतोमुखी झाली. भरभर चालणे, सायकल चालविणे, पोहणे अशा, हृदयाची व श्वासाची गती वाढवून ती काही काळ टिकवून धरणाऱ्या व्यायामाला ती लावतात. असा व्यायाम नियमाने करणाऱ्याची झोप सुधारते, याविषयी फारसा मतभेद नाही. परंतु दिवसा जागणाऱ्या माणसाविषयी खरे ठरलेले हे विधान रात्री जागणाऱ्या परिचारिकेला जसेच्या तसे लागू करता येईल काय, हा प्रश्न निराळा आहे.

या विषयातील एक पायाभूत प्रयोग फिनलंडमधील मिको हार्मा व त्यांचे सहकारी यांनी १९८८ साली प्रसिद्ध केला. पाळीने काम करणाऱ्या परिचारिकांच्या एका गटाने चार महिने व्यायाम केला, दुसरा गट तुलनेसाठी राखला. व्यायाम करणाऱ्या गटाचा थकवा कमी झाला. तुलनागट ठेवण्याची दक्षता नंतरच्या कित्येक अभ्यासांत आढळत नाही, म्हणून या प्रयोगाचे मोल अधिक. तथापि अशा सर्वच प्रयोगांना एक अंगभूत मर्यादा आहे. औषधाच्या प्रयोगात खोटी गोळी देता येते; व्यायामाच्या प्रयोगात खोटे चालणे देता येत नाही. आपण काय करीत आहोत हे परिचारिकेला ठाऊक असते, आणि थकव्याची साक्षही तीच देते.

याहून गंभीर दोष मोजमापाच्या साधनात आहे. झोपेची प्रत मोजण्यासाठी १९८९ साली पिट्सबर्ग येथे तयार झालेली प्रश्नावली सर्रास वापरतात. तिचे एकूण गुण २१. पाचांहून अधिक गुण पडले की झोप वाईट समजावयाची. गेल्या महिन्यात आपण रात्री साधारणतः किती वाजता अंथरुणावर पडलात, हा तिच्या आरंभीचाच प्रश्न होय. ज्या परिचारिकेच्या महिन्यात सकाळ, दुपार व रात्र या तिन्ही पाळ्या येऊन जातात, तिने ‘साधारणतः’ या शब्दाचे काय करावे? ती एखादा आकडा लिहिते, कारण रकाना रिकामा ठेवता येत नाही. त्या आकड्यावर पुढे सरासरी काढली जाते व निष्कर्ष उभारले जातात.

व्यायाम किती, याचा हिशेब निबंधांतून काटेकोर असतो. तो केव्हा, याचा बहुधा नसतो. वस्तुतः शरीरातील दैनिक घड्याळाच्या दृष्टीने ‘केव्हा’ हाच प्रश्न कळीचा आहे. यंगस्टेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखविले की सकाळी सातच्या सुमारास किंवा दुपारी केलेला व्यायाम हे घड्याळ पुढे सरकवितो, तर सायंकाळी सात ते दहाच्या दरम्यानचा मागे सरकवितो. ज्या परिचारिकेला लागोपाठ अनेक रात्री जागावयाचे आहे, तिला घड्याळ मागे सरकणे सोयीचे. म्हणजे ड्यूटीवरून परतताना केलेला व्यायाम तिला उलट्या दिशेने ढकलण्याचा संभव आहे. पाळी चार दिवसांत बदलणार असेल, तर घड्याळ सरकविण्याचा खटाटोपच व्यर्थ ठरावा.

हा उपाय नागपुरात आणून पाहिला म्हणजे अडचण अधिक स्पष्ट होते. प्रताप नगरात राहून, नागपूरकर ज्याला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात त्या १९४७ साली स्थापन झालेल्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका कल्पावी. सकाळी ती रिंग रोडने घरी निघते तेव्हा ऊन डोळ्यांवर आलेले असते, आणि प्रकाशाइतका दिवस झाल्याचा बलवान संदेश मेंदूला दुसरा कोणताही नाही. घरी डबे, मुलांची शाळा, पाणी. त्यानंतर मे महिन्यात पंचेचाळीस अंशांकडे झुकणाऱ्या पाऱ्यात, कूलरच्या घरघरीत, तिची झोप. सायंकाळी पाचला रस्ता अजून तापलेला असतो. सातला ड्यूटीची घाई. शास्त्र ज्या वेळेची शिफारस करील ती वेळ तिच्या दिवसात नाही. ती काढावयाची तर झोपेतूनच काढावी लागेल. झोप सुधारण्यासाठी झोपच कापणे हा उपाय विचित्र खरा!

रात्रभर वॉर्डात चालणाऱ्या बाईला आणखी चालावयास सांगावे काय, ही शंकाही केवळ भाबडी म्हणून सोडून देण्याजोगी नाही. डेन्मार्कमधील होल्टरमन प्रभृतींनी कामावरील श्रम आणि फावल्या वेळातील व्यायाम यांचे प्रकृतीवरील परिणाम परस्परविरुद्ध असू शकतात, असे प्रतिपादन केले आहे. कामावरचे श्रम दीर्घकाळ चालतात. त्यांत विसावा आपल्या हाती नसतो.

१९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना सायंकाळी सात ते सकाळी सहा या वेळात कारखान्यात कामाला ठेवण्यास मनाई केली होती. रुग्णालय हा कारखाना नव्हे. तेथील स्त्रीच्या रात्रीविषयी हा कायदा मूक राहिला. संशोधनही परिचारिकेच्या शरीरात बदल सुचविते, पाळीचा तक्ता मात्र दिलेली वस्तू म्हणून स्वीकारते. तक्ता हाच प्रयोगाचा विषय करणे अशक्य नाही: एका गटाला व्यायामाचा अर्धा तास ड्यूटीच्या वेळातून द्यावा, दुसऱ्याला तो स्वतःच्या वेळातून काढावयास सांगावे, तिसऱ्याला तेवढाच अर्धा तास नुसता विसाव्यासाठी द्यावा, झोपेची नोंद महिन्याची न घेता पाळीगणिक घ्यावी, आणि ती डिसेंबरात एकदा व मे महिन्यात एकदा घ्यावी.