अपडाउनची पल्सर

गाडी विकायची ठरली की मालक आधी तिला धुऊन काढतो. इंजिनवर डिझेल मारतो, टाकीला पॉलिश करतो, टायर काळेभोर करून आणतो. चार पैसे जास्त यावेत असं कुणालाही वाटणारच. मला मात्र गाडी धुण्याआधी बघायची असते. सहा-सात वर्षं रोज राबलेल्या गाडीचा सगळा मजकूर तेल, धूळ आणि झीज यांच्यात लिहिलेला असतो. पाण्याचा एक फवारा बसला की त्यातला निम्मा पुसला जातो.

आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं. अकोल्याहून वाशिम-हिंगोलीकडे जाणारा रस्ता आणि नागपूर-संभाजीनगर हा जुना रस्ता इथं एकमेकांना छेदतात, म्हणून गाव अपडाउनवाल्यांचं. शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतली माणसं, आरोग्य केंद्रातले कर्मचारी. कुणी वीसेक किलोमीटरवर वाशिमला जातो, कुणी शिरपूर-रिसोडकडे, कुणी मेडशीवरून पातूरच्या घाटाकडे. समृद्धी महामार्ग तालुक्यातूनच गेलाय, पण त्यावर दुचाकीला मनाई. त्यामुळे ट्रकांच्या सोबतीनं जायचं, फाट्यावर उतरायचं आणि पुढं काळ्या मातीच्या रस्त्यानं गावात शिरायचं. शंभर सीसीची गाडी अॅव्हरेजला चांगली. पण मागं कुणी बसलेलं असताना, समोरून वारा असताना पुढचा ट्रक काढायचा म्हटलं की तिचा दम संपतो. साडेतीनशेची भारदस्त गाडी महामार्गावर शोभते, मात्र जुलैत शेतरस्त्याच्या चिखलात रुतली की एकट्या माणसाला निघत नाही. बारा महिन्यांच्या अपडाउनला दीडशे सीसी हे माप बरोबर बसतं, आणि या मापात मला पल्सर १५० आवडते.

बजाजनं ती २००१ मध्ये आणली, १५० आणि १८० अशा दोन मापांत. चाकणला बनणारी ही गाडी येईपर्यंत आपल्याकडच्या बहुतेक गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न ‘किती देते?’ एवढाच असे. पल्सरनं त्याच माणसाला पिकअपबद्दल बोलायला लावलं. २००३ मध्ये डीटीएस-आय आलं, म्हणजे एका सिलिंडरला दोन प्लग. ठिणगी दोन्हीकडून पडते, मिश्रण लवकर आणि नीट जळतं. २००६ मध्ये डिजिटल मीटर आला, आणि मागच्या दिव्याच्या त्या दोन उभ्या लाल रेघा आल्या, ज्या अंधारात अर्ध्या किलोमीटरवरूनही ओळखू येतात. २०२० मध्ये बीएस-सहाबरोबर कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं.

जुनी घेणाऱ्यासाठी या इतिहासात एक अरुंद फट आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं. कार्बोरेटर मात्र मार्च २०२० पर्यंत टिकला. या वर्षभरात निघालेल्या पल्सरला पुढच्या चाकाला एबीएस आहे आणि इंजिन असं आहे की गावातला कुठलाही मिस्त्री ते झाडाखाली बसून खोलू शकतो. मेडशीच्या पुढं जंगल लागतं. संध्याकाळी रोही रस्त्यावर उडी घेतो तेव्हा विचार करायला वेळ नसतो, हात आपोआप ब्रेक आवळतो. त्या क्षणी पुढचं चाक अडकलं नाही, तर माणूस घरी पोचतो. अॅव्हरेज, रंग, स्टिकर यांची चर्चा त्यानंतर.

अशीच एक २०१९ ची पल्सर एका शिक्षकांनी विकायला काढली होती. फोनवरच म्हटलं, ‘सर, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, अन् धूही नका.’ तिकडून उत्तर आलं, ‘काही काम नाही भाऊ गाडीले, फक्त चेनसेट टाकाचा आला.’ विकणारा स्वतःहून एक काम सांगतो तेव्हा बाकीच्या गाडीबद्दल माझी आशा वाढते.

मीटरवर बावन्न हजार होते. त्या आकड्यावर मी थांबत नाही. तो खाली पायाशी पडताळून बघतो. गिअरच्या पट्टीवरचं रबर डाव्या बुटानं घासून गुळगुळीत झालं होतं, मागच्या ब्रेकच्या पायट्याचा धातू मधोमध चकाकत होता. मागच्या फुटरेस्टच्या रबरावरची नक्षी मात्र जवळपास कोरी. म्हणजे माणूस रोज एकटा गेला, एकटा आला. चावीच्या कुलपाभोवती बारीक ओरखड्यांचं एक अर्धवर्तुळ होतं. शाळेच्या, कपाटाच्या, घराच्या चाव्यांचा जुडगा तिथं वर्षानुवर्षं हलत राहिलेला. आकडा फिरवता येतो, पण पायट्याची झीज, ग्रिपची झीज आणि कुलपाजवळचे ओरखडे असे तिन्ही जुळवून खोटे करणं कुणालाच जमत नाही. मी बघतो ती ही सुसंगती. तीस हजारांच्या मीटरखाली गुळगुळीत रबर दिसलं, किंवा सत्तर हजारांच्या गाडीला कोरं करकरीत ब्रेक पेडल, की मी चहा पिऊन परत येतो.

मग हँडल. गाडी डबल स्टँडवर घ्यायची, कुणाला तरी मागं दाबायला सांगून पुढचं चाक अधांतरी करायचं आणि दोन बोटांनी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश न्यायचं. या परीक्षेला घाई चालत नाही. कोनसेट गेला असेल तर हँडल बरोबर मधोमध आलं की हलकीशी खाच लागते, हँडल तिथं क्षणभर बसतं आणि मग पुढं सरकतं. वर्षानुवर्षं सरळ रस्त्यावर खड्डे झेलताना बेअरिंगनं त्याच जागी मार खाल्लेला असतो. ती खाच हा किरकोळ खर्च. पण एका बाजूला हँडल आणि टाकी यांच्यातलं अंतर जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, किंवा खालचा स्टॉपर वाकलेला दिसला तर गाडी जोरात आपटली आहे; तिथं स्वस्ताईचा मोह नको. सरांच्या गाडीला खाच होती, अंतर दोन्हीकडे सारखं होतं.

पुढच्या शॉकअपच्या नळीवर काळ्या मातीची बारीक कडी शोधावी. तेलाचं सील गळत असेल तर धूळ तिथंच चिकटून कडी धरते, आणि धुतलेल्या गाडीत हाच पुरावा पहिला जातो. पुढच्या डिस्कच्या कडेवरून नख फिरवलं की उंचवटा जाणवतो. जितका उंच, तितकी डिस्क झिजलेली. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी आमच्याकडच्या उन्हाळ्यात जुनं रबर कडक होऊन भेगाळतं, आणि पहिल्या पावसात तेच घसरतं.

थंड इंजिनचं पहिलं अर्धं मिनिट मला गाडीचा सर्वात सुंदर भाग वाटतो. इंजिनला आधी हात लावून बघायचा. कोमट लागलं तर मालकानं सकाळीच चालू करून ठेवलंय. चोक ओढला, सेल्फ न वापरता किक मारली. दुसऱ्या किकला ती उठली, थोडी अडखळली, मग चोक आत ढकलला तशी स्थिरावली. टॅपेटची बारीक टकटक येत होती. ती असावीच, अजिबात नसेल तर टॅपेट फार आवळलेले असू शकतात. खरखर वेगळी. रेस सोडताना साखळी ओढल्यासारखी खरखर आली तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर कामाला आला. सायलेन्सरमधून चालू होताना एकदाच निळा धूर निघून गेला तर व्हॉल्व्ह सील. रेस देताना निघतच राहिला तर रिंग-पिस्टन, म्हणजे मोठा खर्च. इथं धूर नव्हता. गाडी बंद करून एका प्लगची कॅप काढली आणि पुन्हा चालू केली: ती चालत राहिली, फक्त आवाज जाड आणि सुस्त झाला. कॅप परत लावली तसा तो मोकळा झाला. दोन ठिणग्यांचा फरक असा कानानं ऐकला की त्या इंजिनाचं रूप नीट कळतं.

वाशिम रोडला चक्कर मारली. पंच्याहत्तरच्या पुढं फुटरेस्टमध्ये झिणझिण येते, ती या गाडीच्या स्वभावातच आहे. हँडलमध्ये थरथर आली तर मात्र शोध घ्यावा. साठच्या आसपास, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, ती ज्या सहजतेनं ट्रकच्या बाजूनं पुढं सरकते, त्यासाठीच दीडशे सीसी घ्यायची.

कागदांचं थोडक्यात. एमएच ३७ म्हणजे वाशिम पासिंग, ३० अकोला, २८ बुलढाणा, ३८ हिंगोली. बाहेरची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी. कर्जाचा बोजा असेल तर आधी फॉर्म ३५, मग हस्तांतराचे २९ आणि ३०. इंजिन आणि चेसिसचे नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवावेत. नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यामुळे २०१२ ची गाडी कितीही देखणी असली तरी फेरनोंदणी दारात उभी आहे. विमा आपल्या नावावर करायचा अर्ज चौदा दिवसांत द्यावा.

सरांच्या गाडीचा चेनसेट खरंच संपला होता, मागच्या स्प्रॉकेटचे दाते एका बाजूला झुकलेले. नंतरच्या पल्सरची चेन अर्धी उघडी असते. काळी माती तिच्यात शिरली की वंगण पिऊन टाकते. म्हणून चेन, दोन्ही स्प्रॉकेट आणि पुढचा कोनसेट मृगाच्या आधी एकदमच बदलायचे, आणि पावसाळाभर चेनला दर आठवड्याला तेल द्यायचं.