मनाची पैसेवारी : हवामानबदल, मानसिक आरोग्य आणि धोरणाची भाषा

हवामानबदलाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने पाऊस, पीक व पाणी यांभोवती होते. माणसाच्या मनावर होणारा त्याचा परिणाम मात्र धोरणात दुय्यम राहिला आहे. ही उणीव निधीची आहे, तशीच भाषेचीही आहे.

महसुली व्यवहारातील दोन शब्द या दृष्टीने तपासण्यासारखे आहेत. ‘पैसेवारी’ने पिकाचे उत्पन्न मोजले जाते, ती पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईची दखल घेण्याची रूढ पद्धत आहे. ‘पंचनामा’ म्हणजे पंचांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टींचा लेख; त्यातील ‘नामा’ फारसी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व तिच्या उपनद्यांच्या पुराने कोल्हापूर, सांगली व बेळगाव जिल्ह्यांत मोठी हानी केली. पडलेली भिंत आणि बुडालेला ऊस पंचांना दिसतो. परंतु पुढच्या पावसाळ्यात ढग दाटताच उडणारी झोप कोणत्या रकान्यात लिहावी?

टॅमा कार्लटन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात भारतातील १९६७ ते २०१३ या काळातील आकडेवारी अभ्यासली आहे. पिकांच्या हंगामात तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर असताना एका दिवसात एक अंशाची वाढ झाली, तर देशभरात सरासरी सुमारे ७० आत्महत्या वाढतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हंगामाबाहेर हा परिणाम आढळत नाही, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. उष्णता मनापर्यंत पिकाच्या व कर्जाच्या वाटेने पोहोचते, असा त्याचा अर्थ निघतो. तेव्हा केवळ समुपदेशन पुरेसे नाही आणि केवळ नुकसानभरपाईही पुरेशी नाही.

धोरणाने मात्र ही साखळी तोडून निरनिराळ्या खात्यांत वाटली आहे. २००८ च्या राष्ट्रीय हवामानबदल कृती आराखड्यातील आठ अभियानांत शेती व पाणी होते. आरोग्याचे स्वतंत्र अभियान नव्हते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ आत्महत्या-प्रतिबंधाची जबाबदारी शासनावर टाकतो. परंतु दुष्काळ जाहीर होताच काय करावे, हे सांगत नाही. महाराष्ट्रात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबास एक लाख रुपयांची मदत देण्याची तरतूद आहे. त्यासाठी नापिकी, थकीत कर्ज व वसुलीचा तगादा पाहून प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरते. म्हणजे दुःखाची दखल घेतली जाते, पण मृत्यूनंतर, आणि तीही पुराव्यानिशी.

याला अपवाद नाहीत असे नाही. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत सुरू झालेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन तणावग्रस्त शेतकऱ्यांचा शोध घेण्याची योजना होती. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. परंतु दूरध्वनी उचलण्याचे बळ ज्याच्यात उरलेले नाही, त्याच्यापर्यंत आशाताईच पोहोचू शकते.

म्हणून पैसेवारी घसरलेल्या गावांची यादी तहसील कार्यालयाबरोबरच प्राथमिक आरोग्य केंद्राकडेही त्याच दिवशी जावी आणि वसुलीस स्थगिती व घरभेट एकाच आदेशाने सुरू व्हावी. पिकाची पैसेवारी ठरवता येते. मनाची ठरवता येत नाही. त्यासाठी माणसालाच माणसाच्या दारी जावे लागते.