गाण्यात बसून फिरताना

जत्रेत गाणी असतातच. पाळण्याशेजारी कर्णा लावलेला असतो, मेरी-गो-राउंड फिरतं तेव्हा कसलीशी धून वाजते, आणि उतरल्यावर ती कुणाच्या लक्षातही राहत नाही. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात, मर्टल बीच या समुद्रकाठच्या गावी, १५ एप्रिल २००८ला हार्ड रॉक पार्क उघडलं तेव्हा हा क्रम उलटा झाला. आधी गाणं निवडायचं, मग त्यासाठी लोखंड वाकवायचं. पंचावन्न एकर जागा, सुमारे ४० कोटी डॉलरचा खर्च, मधोमध तळं आणि त्याच्या भोवती रॉक संगीताच्या निरनिराळ्या काळांचे आणि प्रांतांचे विभाग. २ जूनच्या समारंभपूर्वक उद्घाटनाला ईगल्स आणि मूडी ब्लूज हे दोन्ही बँड प्रत्यक्ष गाऊन गेले. त्या पहिल्याच उन्हाळ्यात हे पार्क पाहायला मिळालं, आणि तेव्हापासून त्याविषयी लिहायचं मनात होतं.

आपल्याकडे कवितेला चाल लावतात. इथे गाण्याला राइड लावलेली होती. चालीबद्दल आपण जे प्रश्न विचारतो तेच इथेही विचारावेसे वाटतात. चाल शब्दांच्या आतून आली आहे की वरून चिकटवली आहे? कवितेत आधी न दिसलेलं काही तिच्यामुळे दिसतं का? की कविता होती त्याहून लहान होते?

वरून चिकटवलेलंही होतं, पण ते आनंदानं चिकटवलेलं होतं. ब्रिटिश विभागात 'फोनहेंज' उभं होतं. इंग्लंडमधले लालभडक टेलिफोन बूथ स्टोनहेंजच्या शिळांसारखे वर्तुळात उभे केलेले आणि काही त्यांच्या डोक्यावर आडवे टाकलेले. गंमत म्हणून ते छानच होतं. तिथून जवळ 'मॅक्सिमम आरपीएम' नावाची एक छोटी कोस्टर होती. तिच्या गाड्या साखळीनं चढावर ओढत नसत, आकाशपाळण्यासारखं मोठं चाक त्यांना उचलून वर नेई. यंत्र म्हणून पाहत राहावं असं. पण या दोन्ही ठिकाणी संगीत वातावरणापुरतं होतं, म्हणून तिथे फार रेंगाळायचं कारण नाही.

रेंगाळायचं ते 'नाइट्स इन व्हाइट सॅटिन' पाशी. मूडी ब्लूजच्या या गाण्यावर फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या सॅली कॉर्पोरेशननं डार्क राइड बांधली होती, म्हणजे बंद इमारतीतल्या अंधारातून छोट्या गाडीत बसून जायची सफर. तिच्याकडे वळण्याआधी गाणं नीट पाहायला हवं, कारण राइड बांधणाऱ्यांनी ते नीट पाहिलेलं होतं.

जस्टिन हेवर्डनं हे गाणं लिहिलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. १९६७ साली ते 'डेज ऑफ फ्यूचर पास्ड' या अल्बमवर आलं. पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस अशी त्या अल्बमची रचना, आणि हे त्यातलं रात्रीचं गाणं. चाल संथ, सहा मात्रांच्या झुलत्या लयीची. दादऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानाला ती पहिल्या आवर्तनातच ओळखीची वाटते. कडव्याच्या शेवटी स्वरसंगती जिथे उतरते ती जागा तर पुन्हा पुन्हा ऐकावी. पाश्चात्त्य भाषेत बोलायचं तर एफ मेजरवरून ई मायनरवर येणं. ई हा षड्ज धरला तर हा कोमल रिषभावरून षड्जावर येण्याचा प्रवास आहे. भैरवी ऐकलेल्या माणसाला त्या एका पावलात काय भरलेलं असतं ते सांगायला नको. हेवर्डला भैरवी ठाऊक असण्याचं कारण नाही. पण एकोणीस वर्षांच्या मुलाच्या गाण्यात एवढी जुनी उदासी कुठून आली, याचं उत्तर बरंचसं त्या उतरणीत आहे.

गाण्याचा रंग येतो तो मेलोट्रॉनमधून. या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपचा एक तुकडा असतो आणि त्यावर खऱ्या वाद्यांचा स्वर ध्वनिमुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की टेप पुढे सरकते आणि सुमारे आठ सेकंदांत संपते. हात उचलला की ती मागे जाते. त्यामुळे मेलोट्रॉनवर स्वर हवा तितका लांबवता येत नाही. तो धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. मूडी ब्लूजचा माइक पिंडर हे वाद्य बनवणाऱ्या कारखान्यात काम करून आलेला, त्यामुळे त्याला त्याचे सगळे स्वभाव माहीत. या गाण्यामागचे तंतुवाद्यांचे लाटांसारखे उसासे त्या यंत्राच्या मर्यादेतून जन्मले आहेत. ते खऱ्या व्हायोलिनांसारखे वाटतात आणि वाटतही नाहीत. आठवणीतलं व्हायोलिन ऐकतोय असं काहीतरी.

राइडनं नेमकं हे पकडलं होतं. आत जाताना खास चष्मा मिळे. काळ्या उजेडात चमकणाऱ्या रंगांनी भिंती आणि देखावे रंगवलेले, आणि त्या चष्म्यातून लाल रंग पुढे सरकलेला दिसे, निळा मागे गेलेला. म्हणजे चित्र सपाटच, पण रंगांनाच खोली आलेली. हात पुढे केला तर तिथे काही नसे. मेलोट्रॉन खरं आणि खोटं यांच्या ज्या सीमेवर वाजतं, त्याच सीमेवर डोळा नेऊन ठेवायची ही युक्ती होती. गाण्याचा अर्थ चित्रातून सांगत बसण्यापेक्षा गाण्याचा नाद चित्रात उतरवायचा हा निर्णय माझ्या मते त्या अख्ख्या पार्कातला सर्वांत समंजस निर्णय होता.

कथा सांगण्याचा मोह सोपा होता. गाण्यात न पाठवलेली पत्रं आहेत, प्रेम आहे, रात्र आहे. एक प्रियकर, एक खिडकी, एक चंद्र असं मांडून टाकता आलं असतं, आणि गाणं तिथेच मेलं असतं. इथे सलग गोष्ट नव्हती. एक रंग उमले, दुसऱ्यात मिसळे, वळण येई, अंधार येई. गाडीचा वेग संथ होता, म्हणून सूर आणि दृश्य एकमेकांना सोडत नव्हते. डार्क राइडची गाडी विजेवर चालते आणि तिचा वेग रचनाकाराच्या मुठीत असतो. कुठलं वळण कुठल्या ओळीवर यावं हे त्याला ठरवता येतं. साठच्या दशकातला तो झिंगलेला रंगोत्सव दाखवायचा, आणि तरीही गाण्यातला एकटेपणा शाबूत ठेवायचा, हे अवघड काम तिथे साधलेलं होतं. गाडीत शेजारी कुणी बसलेलं असूनही आत आपण एकटेच आहोत असं वाटे. रात्रीच्या गाण्याला याहून चांगली चाल कशी लावणार?

एक उणीव सांगायला हवी. मूळ गाण्याच्या मध्यावर रे थॉमसची बासरी येते. तिथे सगळा वाद्यवृंद तिच्यासाठी वाट करून देतो आणि गाणं जरा मोकळा श्वास घेतं. राइडमध्ये मात्र रंगांची गर्दी कुठेच ओसरत नव्हती. बासरीपुरता निव्वळ काळोख ठेवला असता, तर पुढचा रंग दुपटीनं उजळला असता.

पार्कातली सर्वांत मोठी, सर्वांत बोलबाला झालेली गोष्ट म्हणजे 'लेड झेपेलिन : द राइड'. एका झेपेलिन हवाईनौकेच्या प्रतिकृतीतून आत जायचं आणि १५५ फूट उंचीच्या कोस्टरवर बसायचं. बॉलिगर अँड मॅबिलार्ड या स्विस कंपनीचं काम, एका ओळीत चौघं, वेग ताशी ६५ मैलांपर्यंत, सहा वेळा डोकं खाली पाय वर. आणि आसनाशी लावलेल्या स्पीकरवर लेड झेपेलिन या बँडचं 'होल लॉट्टा लव्ह'.

या गाण्याची निवड का योग्य होती, ते कोस्टरच्या स्वभावात शोधावं लागतं. एकदा चढावरून सुटलेली गाडी कुणाच्या हातात नसते. सकाळी ग्रीस घट्ट असतं आणि गाडी जरा आळसावलेली असते, दुपारच्या उन्हात तीच गाडी जोरात पळते. माणसांनी भरलेली गाडी वेगळी वागते आणि अर्धी रिकामी वेगळी. म्हणजे अमक्या मात्रेला गाडी अमक्या वळणावर असेलच, असं सेकंदाच्या हिशेबानं बांधता येत नाही. डार्क राइडसारखा ठरीव मेळ इथे घालायला गेलं की तो फसणार. अशा वेळी गाणंच असं हवं की सम कुठेही सापडेल. १९६९ साली आलेल्या या गाण्याचा पाया जिमी पेजच्या एका गिटारवाक्यावर उभा आहे. छोटं, खणखणीत, पुन्हा पुन्हा येणारं. लेहऱ्यासारखं ते अखंड चालू राहतं, आणि वर गायक, ढोल, गोंगाट काहीही करू शकतात. गाडी अर्धा सेकंद मागेपुढे झाली तरी बिघडत नाही. दरी कुठल्याही क्षणी येवो, पेजचं ते वाक्य समेवर उभंच असतं. तबलावादकाला लेहऱ्याचा आधार असतो, तसा इथे पोलादाला होता.

चढणीवरचा अनुभव मला उतारापेक्षा मोलाचा वाटला. साखळी गाडीला खेचत असते, खाली तळं लहान होत जातं, आणि ते गिटारवाक्य तेवढंच, तसंच, घाई न करता चालू. विलंबितात गवई षड्जावर ठाण मांडून बसतो तेव्हा पुढचं सगळं त्या थांबण्यातच दिसायला लागतं. भीती वाटते ती उंचीची नसते, गाणं इतकं निवांत आहे याची असते.

पण एक गोष्ट इथे हरवत होती. ध्वनिमुद्रिकेवर या गाण्याच्या मध्यावर लय सुटते. झांजा उरतात, थेरेमिन कण्हतं, रॉबर्ट प्लांटचा आवाज एका कानातून दुसऱ्या कानाकडे भिरभिरतो. आपण स्थिर बसलेलो आणि गाणं आपल्याभोवती फिरतंय असं वाटतं. मग जॉन बॉनमचे ढोल कडाडतात आणि सगळं जमिनीवर येतं. मूळ गाणं साडेपाच मिनिटांचं आहे आणि कोस्टरची फेरी त्याहून बरीच तोकडी, त्यामुळे त्या तरंगत्या भागाला हवा तेवढा अवकाश मिळणं शक्यच नव्हतं. शिवाय वाऱ्याचा आणि आरडाओरड्याचा आवाज असतोच. राइडनं गाण्याचा जोर घेतला, त्यातला गूढपणा सोडला. जोर मात्र शंभर टक्के खरा होता.

(पेज आणि प्लांट १९७२ साली मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपलीच दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली होती. ती २०१५मध्ये अधिकृतपणे बाहेर आली. लेहऱ्याची आठवण मला उगाच आली असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं ती ऐकावीत.)

ईगल्सच्या 'लाइफ इन द फास्ट लेन'वरची कोस्टर मला मानवली नाही. मुलाबाळांनी बसावं अशी बेताची, प्रसन्न गाडी. पण ते गाणं उधळलेल्या, नशेत बुडत चाललेल्या जोडप्याचं आहे. जो वॉल्शच्या गिटारमधली ती तेजतर्रार सुरुवात ऐकताना मजा वाटते आणि कडव्यागणिक पायाखालची जमीन सरकते, हे त्याचं मर्म. राइडनं मजा घेतली आणि जमीन तशीच ठेवली. अवखळ चालीत बांधलेली शोकांतिका ऐकावी तसं वाटलं.

रात्री तळ्यावर लेझर आणि आतषबाजीचा खेळ होई, क्वीनच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'वर. १९७५चं हे सहा मिनिटांना पाच सेकंद कमी असलेलं गाणं. आधी नुसते कंठ, मग पियानोवरचं आर्त निवेदन, मग गिटार, मग ऑपेराचा कल्लोळ, मग रॉकचा स्फोट, आणि शेवटी पुन्हा शांतता. लेझरला ऑपेराचा भाग फार शोभला. तिथे आवाज एकमेकांना हाका मारतात, उत्तरं देतात, आणि किरणही तळ्यावर तसेच प्रश्नोत्तरं करतात. रॉकच्या भागाला दारूकामाशिवाय दुसरं काय द्यायचं? अडचण होते ती हळव्या भागांत. फुटणाऱ्या फटाक्याला स्वतःचा आवाज असतो, आणि तो फ्रेडी मर्क्युरीच्या आवाजाशी तडजोड करत नाही. हा गायक आठ-नऊ वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला, तिथेच त्याचं पियानोशिक्षण झालं आणि 'द हेक्टिक्स' नावाचा शाळकरी बँडही तिथेच जमला. अटलांटिकच्या काठावर हजारो माणसं मान वर करून त्याला ऐकत असताना, आपल्या सह्याद्रीतला तो मुलगा आठवून मला फार भरून आलं.

एवढं सगळं होऊनही पार्क टिकलं नाही. पन्नास डॉलरच्या आसपास तिकीट, डोक्यावर कर्ज, आणि अमेरिकेची अर्थव्यवस्था नेमकी त्याच वर्षी कोसळलेली. सप्टेंबरच्या अखेरीस मोसम मध्येच बंद झाला आणि दिवाळखोरीचा अर्ज गेला. ४० कोटींची ती मालमत्ता पुढच्या वर्षी अडीच कोटी डॉलरना विकली गेली.

नव्या मालकांनी २००९मध्ये 'फ्रीस्टाइल म्युझिक पार्क' या नावानं दारं उघडली, पण बँडांची नावं आणि गाणी वापरायचा हक्क आता नव्हता. लेड झेपेलिनच्या कोस्टरचं नाव 'टाइम मशीन' झालं आणि तिच्यावर वेगवेगळ्या दशकांची गाणी वाजू लागली. रूळ तेच, उंची तीच, कोलांट्या सहाच. पण कुठलंही गाणं चालतं म्हटल्यावर कुठलंच तिचं राहिलं नाही, ते पुन्हा पाळण्याशेजारच्या कर्ण्याचं संगीत झालं. 'नाइट्स इन व्हाइट सॅटिन'चं रूपांतर 'मॉन्स्टार्स ऑफ रॉक' नावाच्या गमतीत झालं. तो मोसम संपल्यावर पार्क पुन्हा उघडलं नाही. झेपेलिन कोस्टरच्या रुळांचं पोलाद पुढे व्हिएतनामला गेलं. तिथे 'हा लाँग' या ठिकाणच्या पार्कात ते आता 'ड्रॅगन्स रन' म्हणून उभं आहे.

डार्क राइड मात्र पुन्हा कुठेच उभी राहिली नाही. त्या एका उन्हाळ्यात आत गेलेल्यांनी काढलेल्या काही चित्रफिती मिळतात. अंधुक आहेत, पण रंगांची चाल कळते. त्या पाहायच्या असतील तर आधी मूळ गाणं ऐकावं, तेही रेडिओसाठी कापलेलं नव्हे, अल्बमवरचं साडेसात मिनिटांचं, शेवटच्या कवितेसकट.